मेलेले पक्षी मोजणारी माणसं

आमच्या बर्डिंगच्या ग्रुपवर मी हल्ली सारखं दक्षिण महासागराचं, तिथल्या अल्बट्रॉस नावाच्या मोठ्या समुद्रपक्ष्याचं काहीतरी टाकत असते आणि त्यावर ग्रुपमधल्या एका काकांचा ठरलेला रिप्लाय येतो की कवडीला (पुण्याजवळचं नदीकाठचं पक्षी बघायचं ठिकाण) चक्रवाक आले का ते सांग, तुझा अल्बट्रॉस काय मुळा-मुठेत उतरणारे का. नाही उतरणार काका. पण तुम्ही विचारलंतच आहे तर सविस्तर सांगते, व्हॉट्सॅपवर एवढं लिहिलं तर मला ग्रुपमधून काढाल म्हणून इथे लिहितेय.

आधी हे की मी शास्त्रज्ञ वगैरे अजिबात नाही, मी कर्वे रोडच्या एका सीए फर्ममधे ऑडिट करते, म्हणजे मार्च एंडला कुणाच्या तरी गोडाऊनमधे धुळीत उभं राहून पोती मोजायची आणि रजिस्टरमधे लिहिलेला आकडा आणि समोरचा माल जुळतो का ते बघायचं. त्यामुळे अल्बट्रॉस म्हटलं की लोकांना पंख आठवतात, मला मोजणी आठवते. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे थोडंफार सुधारलं ते कुणाला पक्ष्यांचा कळवळा आला म्हणून नाही सुधारलं, कोणीतरी डेकवर थंडीत कुडकुडत उभं राहून मेलेले पक्षी एकेक करून मोजले म्हणून सुधारलं, असं माझं पक्कं मत झालंय.

आता पक्षी. वाँडरिंग अल्बट्रॉस, पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत तीन मीटरच्या वर, मोठा नर असेल तर साडेतीन मीटरपर्यंत. आपल्या घरातल्या हॉलमधे त्याला पंख उघडता यायचे नाहीत, निदान कोथरूडच्या वन बीएचकेत तरी नाहीच. पण खरी गंमत त्याच्या संसारात आहे. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास पहिलं अंडं, अंडं एकच, उबवायला अडीच महिने, नंतर पिल्लू आठ-नऊ महिने घरट्यातच, म्हणजे तिकडचा अख्खा हिवाळा ते बर्फात बसून असतं आणि आईबाप आळीपाळीने समुद्रावरून खाऊ आणतात. हे सगळं उरकलं की वर्ष संपलेलं असतं, म्हणून मग पिल्लू वाढवलं की पुढचं अंडं एकदम एक वर्ष सोडून. आता अशा पक्ष्याचा एक मोठा नर किंवा मादी मेली तर काय होतं बघा, त्या वर्षीचं पिल्लू गेलं, कारण एकट्याला ते पोसणं जमत नाही, आणि जोडीदार मागे राहिला त्याला नवीन जोडी जमवायला पुढची काही वर्षं जातात. चिमण्यांसारखं नाही, की दर सीझनला भरपाई.

हे समजलं कसं, तर अटलांटिकच्या पार दक्षिणेला दक्षिण जॉर्जिया बेट आहे, त्याच्या टोकाला बर्ड आयलंड नावाचं इवलंसं बेट आहे, तिथे 1958 पासून अल्बट्रॉसच्या पायात कड्या घालतायत. पिढ्या बदलल्या, कड्या घालणारे रिटायर झाले, वही चालूच आहे. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचं तिथे स्टेशन आहे आणि तिथली माणसं दर वर्षी घरटी मोजतात. त्या वहीतून दिसलं की पक्षी कमी होतायत, 1960 च्या दशकाच्या मानाने निम्म्यावर आले. पण बेटावर तर सगळं ठीकठाक, तिथे त्यांना मारणारं कोणी नाही. मग जातायत कुठे?

त्याचं उत्तर मिळायला सॅटेलाइट लागला. फ्रान्सच्या झुव्हाँतां आणि वायमर्सकिर्श ह्या दोघांनी हिंदी महासागराच्या दक्षिणेला क्रोझे बेटांवरच्या अल्बट्रॉसच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले आणि 1990 मधे त्यावर पेपर लिहिला. कळलं असं की जोडीदार अंड्यावर बसलेला असताना दुसरा पक्षी एका फेरीत 3,600 ते 15,000 किलोमीटर फिरून येतो. पंधरा हजार म्हणजे पुण्याहून लंडनला जाऊन परत, आणि हे सगळं डबा आणायला. एवढा फिरणारा पक्षी मासेमारीच्या जहाजाला कुठेतरी भेटणारच.

आणि भेटतो कसा ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. लाँगलाइन म्हणजे एक लांबच लांब दोरी, कित्येक किलोमीटर, तिला ठरावीक अंतरावर गळ, हजारो गळ, प्रत्येकाला आमिष म्हणून स्क्विड नाहीतर मासा. जहाज चालत असतं आणि मागून ही दोरी सोडत जातात. दोरी बुडेपर्यंत जो काही थोडा वेळ आमिष पाण्याच्या वरवर असतं तेवढ्यात अल्बट्रॉस झडप घालतो, गळ अडकतो, आणि दोरी त्याला घेऊन खाली जाते. बुडून मरतो. जहाजावर कुणाला कळतही नाही, दोरी वर ओढतात तेव्हा भिजलेलं पोतं वर यावं तसा येतो.

1991 मधे टास्मानियाच्या नायजेल ब्रदर्स ह्या माणसाने ट्यूना पकडणाऱ्या जपानी लाँगलाइन जहाजांवर जे पाहिलं त्यावरून अंदाज मांडला की दक्षिण महासागरात ह्या एका मासेमारीत वर्षाला 44,000 अल्बट्रॉस मरतायत. तो आकडा वाचून पक्षीवाले हादरले हे झालंच, पण मला त्या पेपरमधली दुसरी गोष्ट जास्त हुशारीची वाटते, त्याने सोबत हेही दाखवलं की पक्षी आमिष पळवतात त्यामुळे मासे कमी मिळतात आणि मासेमाराचं नुकसान होतं. म्हणजे तुमच्याच खिशातून पैसे जातायत बाबांनो. हे बोलणं कुठल्याही नाखव्याला कळतं, मग तो जपानचा असो नाहीतर हर्णैचा.

आता दक्षिण जॉर्जियाला परत. तिथे 1990 च्या दशकात टूथफिशची मासेमारी जोरात सुरू झाली. टूथफिश हा खोल पाण्यातला, हजार-दीड हजार मीटर खोलीवरचा, माणसाहून लांब होणारा मासा, अमेरिकेत महागड्या हॉटेलात चिलियन सी बास नावाने मिळतो तो. 1997 च्या एका सीझनमधे त्या भागातल्या परवानाधारक जहाजांवर पाच हजारांहून जास्त समुद्रपक्षी मेले. परवानाधारक हं, चोर नाहीत. आणि हा आकडा आहे कारण त्या जहाजांवर निरीक्षक होते.

हे निरीक्षक म्हणजे मला ह्या सगळ्या प्रकरणातले हिरो वाटतात. कंपनीचा माणूस नाही, महिनोन्महिने जहाजावर राहायचं, खलाशांच्या डोळ्यात खुपत राहायचं (हे मला चांगलंच माहितेय, ऑडिटरला कोणी चहा मनापासून विचारत नाही), दोरी वर येताना बघायची, पक्षी मोजायचे, कुठल्या जातीचा ते लिहायचं, मासे मोजायचे, मापायचे. त्या आकड्यांवरून नियम झाले. दोरी रात्रीच सोडायची, कारण अल्बट्रॉस मुख्यतः दिवसा खातो. दोरीला वजनं लावायची म्हणजे ती पटकन बुडेल. जहाजाच्या मागे उंचावरून रंगीत पट्ट्या लावलेली दोरी फडकत ठेवायची म्हणजे पक्षी जवळ येणार नाहीत. दोरी सोडताना माशांची डोकी आतडी समुद्रात टाकायची नाहीत, कारण तेच तर पक्ष्यांना जेवणाचं आमंत्रण.

पण ह्यात एक मेख होती, व्हाइट-चिन्ड पेट्रेल म्हणून एक काळा पक्षी आहे, हनुवटीवर पांढरा ठिपका, तो रात्रीही खातो आणि खोल सूरही मारतो. रात्रीच्या नियमाने अल्बट्रॉस वाचतील, हा नाही. मग शेवटचा आणि सगळ्यात जालीम उपाय, उन्हाळ्यात मासेमारीच बंद, फक्त हिवाळ्यात करायची, तेव्हा हे पेट्रेल आणि ब्लॅक-ब्राउड अल्बट्रॉस पिल्लं वाढवून लांब निघून गेलेले असतात. आपल्याकडे जून-जुलैची मासेमारी बंदी असते ती माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठी, इथे माशाचा सीझन पक्ष्यांच्या विणीवरून ठरवला. कंपन्यांनी कुरकुर केली नसेल असं नाही, पण केलं. काही वर्षांत हजारांवरचा आकडा दोन आकड्यांत आला आणि पुढे जवळपास शून्यावर.

हे सगळं ज्या छत्राखाली चालतं त्याला कॅमलार म्हणतात, अंटार्क्टिकभोवतीच्या समुद्री जीवांच्या संवर्धनासाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग, 1982 पासून, ऑफिस टास्मानियात होबार्टला. भारत त्याचा सदस्य आहे, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहिती असतं. आयोग झाला तोच आधी झालेल्या सत्यानाशामुळे. दक्षिण जॉर्जियाजवळ मार्बल्ड रॉककॉड नावाचा मासा होता, सोव्हिएत ट्रॉलर्सना तो सापडला आणि 1969-70 च्या एका सीझनमधे त्यांनी सुमारे चार लाख टन उपसला. एका सीझनमधे. दोन-तीन वर्षांत मासा संपला आणि पुढे कित्येक दशकं तो पूर्ववत झाला नाही. तेव्हा तिथे मोजणारं कोणी नव्हतं, होतं ते फक्त पकडलेल्याचं वजन.

म्हणून टूथफिशच्या बाबतीत काय करतात ते मला फार आवडतं. जहाजाने पकडलेल्या काही माशांना टॅग लावून परत सोडायचं, रॉस समुद्रात नियम आहे टनामागे एक मासा. हजार मीटरवरून वर ओढलेला मासा जगेल कसा असं वाटतं ना, पण ह्याला पोटात हवेची पिशवीच नसते, त्यामुळे फुगून मरत नाही, सोडला की सरळ खाली जातो. पुढच्या वर्षी पकडलेल्यांत टॅगवाले किती निघाले त्यावरून खाली एकूण किती असतील ह्याचा हिशेब. आम्ही सॅम्पल तपासून सगळ्या स्टॉकबद्दल बोलतो तेच.

आणि वय. माशाचं वय त्याच्या कानातल्या खड्यावरून काढतात, तो कापून घासून मायक्रोस्कोपखाली बघायचा, झाडाच्या खोडासारख्या कड्या दिसतात. मी हे कौतुकाने सासूबाईंना सांगितलं, त्या मूळच्या अलिबागच्या, त्या म्हणाल्या "अगं ढोम्याच्या डोक्यात असतातच की खडे, लहानपणी आम्ही जमवायचो, त्यात काय एवढं." खरंच असतात, ढोम्याचे तर चांगले मोठे असतात, गणेश पेठेतून आणला की बघा. तर ह्या खड्यांवरून कळलं की टूथफिश पन्नास वर्षांहून जास्त जगतो. इमर्जन्सीत जन्मलेला मासा कुणीतरी लिंबू पिळून खातंय. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या माशाचा कोटा ठरवताना हात आखडता घ्यावाच लागतो.

चोरांचं काय? 1990 च्या दशकात चोरून पकडलेला टूथफिश कायदेशीर मालापेक्षा जास्त होता असं म्हणतात आणि त्या जहाजांवर ना निरीक्षक ना पट्ट्या, त्यांनी मारलेल्या पक्ष्यांचा फक्त अंदाजच करायचा. 2000 पासून आयोगाने प्रत्येक खेपेबरोबर कागद सक्तीचा केला, मासा कुठल्या जहाजाने, कुठे पकडला, कुठल्या बंदरात उतरवला, कागद नाही तर सदस्य देशांच्या बंदरात माल घ्यायचा नाही. व्हाउचरशिवाय एंट्री नाही! मी हे वाचलं तेव्हा ऑफिसमधे खुर्चीतच टाळी वाजवली, बाजूच्या आर्टिकलला (म्हणजे आमच्याकडे सीए शिकायला असलेल्या मुलाला) वाटलं रिटर्न टॅली झाला.

पण ह्याहून भारी पुढचंय. तेच वायमर्सकिर्श, ज्यांनी पहिले ट्रान्समीटर बसवले, त्यांच्या टीमने 169 अल्बट्रॉसच्या पाठीवर असे लॉगर बसवले की जे जहाजाच्या रडारचा सिग्नल पकडतात. पक्षी जहाजाजवळ गेला की नोंद, कुठे आणि कधी. मग ती नोंद जहाजं स्वतःची जागा जाहीर करतात त्या एआयएस यंत्रणेशी ताडून बघितली. 2020 मधे पेपर आला, पक्ष्यांना भेटलेल्या जहाजांपैकी पावापेक्षा जास्त जहाजांचं एआयएस बंद होतं, आणि कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या खुल्या समुद्रात तर एक तृतीयांशापेक्षा जास्त. एआयएस बंद म्हणजे लगेच चोर असं नाही म्हणता येणार, पण रडार चालू आणि हजेरी बंद, हे कुठल्याही ऑडिटरच्या भुवया वर जाणारच. ज्यांच्या गळाला पक्षी लागत होते त्यांच्यावर पक्षीच नजर ठेवतायत.

एवढं होऊनही बर्ड आयलंडच्या वहीत वाँडरिंग अल्बट्रॉसचा आकडा परत वर गेलेला नाही. कारण दक्षिण जॉर्जियाचं पाणी सुधारलं पण पक्षी तिथेच थोडाच बसतो, तो वर उरुग्वे-ब्राझीलपर्यंत जातो, खुल्या समुद्रात ट्यूनावाल्यांच्या मागे जातो, तिथे वेगळे आयोग, वेगळे नियम, आणि निरीक्षक मोजक्याच जहाजांवर. बेटावर घरट्यांच्या आसपास पक्ष्यांनी ओकलेले गळ आणि दोऱ्या सापडतात, त्याही ते लोक गोळा करून नोंदवतात. पिल्लाला भरवताना गळ. मला हे वाचून नीट जेवण गेलं नव्हतं.

बरं, काकांचा प्रश्न अगदीच उडवून लावत नाही. अंटार्क्टिकाहून आपल्याकडे येणारा एक पक्षी आहे, विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. चाळीस ग्रॅमसुद्धा वजन नाही, तिथे खडकांच्या फटीत अंडं घालतो, आणि तिकडे हिवाळा लागला की निघतो तो आपल्या पावसाळ्याच्या सुमारास अरबी समुद्रात पोचलेला असतो, कोकण-गोव्यासमोर किनाऱ्यापासून आत बोटीने गेलं तर पाण्याला पाय लावत नाचल्यासारखा उडताना दिसतो. हा खातो काय, तर तिकडे असताना मुख्यतः क्रिल.

क्रिल आता पुण्यातल्या मेडिकलमधेही पोचलंय, ओमेगा थ्रीच्या लाल कॅप्सूल, आमच्या ऑफिसातल्या एकांना गुडघ्यासाठी कुणीतरी सुचवल्या. बोटाएवढा कोळंबीसारखा जीव, पण तिकडच्या पेंग्विन, सील, देवमासे सगळ्यांचं पोट त्याच्यावर. कॅमलारचं तत्त्व चांगलंय, की क्रिल पकडायचं ते क्रिल खाणाऱ्या प्राण्यांचा वाटा आधी बाजूला ठेवून. आणि तो वाटा पुरतोय का हे बघायला 1980 च्या दशकापासून पेंग्विनच्या पिल्लांची वजनं घेतात, आईबाप खाऊ आणायला किती वेळ लावतात ते टिपतात. फेऱ्या लांबल्या आणि पिल्लं हलकी भरली तर समजायचं जवळ क्रिल नाही.

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या आणि दक्षिण जॉर्जियाच्या बाजूच्या समुद्रात वर्षाला 6,20,000 टनांची मर्यादा आहे. क्रिलच्या एकूण साठ्याच्या मानाने हा आकडा बारीक दिसतो आणि कंपन्या तेच सांगतात, पण प्रश्न एकूण किती हा नाहीच, कुठे पकडता हा आहे. पेंग्विन पिल्लाला भरवत असताना त्याच्या वसाहतीसमोरूनच सगळं उपसलं तर बाकी महासागरातल्या क्रिलचा त्याला काय उपयोग. म्हणून ही मर्यादा चार भागांत वाटून दिलेली होती. 2024 च्या बैठकीत त्या वाटणीवर एकमत झालं नाही, वाटणी गेली, आणि 2025 मधे ऑगस्टमधेच सगळी मर्यादा संपून मासेमारी बंद करावी लागली, जे आधी कधी झालं नव्हतं. माझ्या मते हा सगळा ढाचा कुठे कच्चा आहे ते इथे दिसतं, निर्णय एकमताने, एका देशाने मान हलवली नाही की फाईल पुढच्या वर्षी. मोजणारे प्रामाणिकपणे मोजतात आणि सही करणारे सही करत नाहीत, हे आमच्या धंद्यातही बघितलंय.

संरक्षित क्षेत्रांचंही तेच. रॉस समुद्राचं 2016 मधे मंजूर झालं, साडेपंधरा लाख चौरस किलोमीटर, आणि त्यानंतर पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र, द्वीपकल्प सगळे प्रस्ताव लटकलेले. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेलच्या प्रस्तावाला 2021 मधे भारताने सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा दिला, आपली भारती आणि मैत्री ही दोन्ही स्टेशनं त्याच बाजूला आहेत.

त्याच 2021 मधे जर्मनीचं पोलारस्टर्न हे संशोधन जहाज वेडेल समुद्रात होतं, पाण्याखाली कॅमेरा ओढत चाललेलं, आणि समुद्राच्या तळावर गोल खड्डे दिसायला लागले, एकामागून एक, संपेचनात. आइसफिशची घरटी. ह्या माशांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसतं, रक्त पाण्यासारखं दिसतं, आणि ते अंड्यांपाशी राखण करत बसले होते. अंदाज निघाला 6 कोटी घरट्यांचा, 240 चौरस किलोमीटरवर. तोपर्यंत माशांची एवढी मोठी वसाहत जगात कुठेच कुणी पाहिलेली नव्हती, आणि ह्या घरट्यांवरचा पेपर येऊन इतकी वर्षं झाली तरी वेडेलची फाईल अजून होबार्टच्या टेबलावरच आहे.